आदिवासी तरुणांमध्ये खेळ आणि कलेतून नेतृत्वगुण कसे वाढवावेत?

छोटा उदेपूर भागातील राठवा या आदिवासी समाजातल्या मुलामुलींसाठी आपल्या मंडळाला खेळ आणि कला यांचे दहा दिवसांचे नेतृत्व शिबिर घ्यायचे आहे आणि त्याची आखणी कशी असावी, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो आणि गेली बारा वर्षे तिकडच्या एका वसतिगृहात खो-खो शिकवायला जातो. तेवढ्याच अनुभवावर हे लिहितो आहे.

नेतृत्वावरची व्याख्याने कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकावीत आणि संघनिवड, पंचगिरी, शिधा, पैशांचा हिशेब असे शिबिरातले खरे अधिकार मुलांकडे सोपवावेत. आम्हा बडोदेकरांना हे जड जाते. हुतूतूचे नियम १९२३ साली इथल्याच हिंद विजय जिमखान्याने छापले, तेव्हापासून नियम आपण करायचे आणि इतरांनी पाळायचे, असे जणू अंगवळणीच पडले आहे. तिसऱ्या वर्षी माझा घसा बसला म्हणून नाइलाजाने मी शिट्टी नववीतल्या एका मुलीच्या हाती दिली, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे. पहिल्याच डावात तिचा सख्खा भाऊ खो मिळण्याआधीच उठून धावला. तिने शिट्टी वाजवली, तो माझ्याकडे बोट दाखवून वाद घालू लागला, आणि माझा तर आवाजच फुटत नव्हता. ती त्याच्या चौरसाजवळ गेली, राठवीत दोनच शब्द बोलली आणि तो खाली बसला. पुढे जेवणाच्या तक्रारी घेऊन मुली तिच्याकडे जाऊ लागल्या, आणि महिन्याभरात तिने तांदूळ आपल्यासमोर तोलून यावेत अशी मागणी गृहपालांकडे केली.

कलेबाबत माझ्या हातून झालेली चूक आपण करू नये. मी कागदावर पिठोरा काढण्याची स्पर्धा ठेवली होती. दहावीतल्या एका मुलाने कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी कुणी नवस बोललेला नाही, मग बाबा पिठोरा कशाला येतील?" पिठोरा हे बाबा पिठोरा या देवाचे भिंतीवरचे चित्र, आणि ते काढणे हा नवस फेडण्याचा विधी आहे. भिंत कुमारिका सारवतात, लखारा, म्हणजे चित्रकार, चित्र काढतो आणि त्यात काही राहिले नाही ना, हे बडवो, म्हणजे पुजारी, सर्वांदेखत पाहतो. पुढच्या वर्षी काय काढावे हे मुलांवर सोडले, तेव्हा त्यांनी वसतिगृहाच्या भिंतीवर कवांटचा मेळा रंगवला आणि सारवण्यापुरते थांबायचे नाही, हे मुलींनी स्वतःच ठरवले.

तारीखही त्यांनाच विचारावी, कारण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. हिवाळ्यातल्या शिबिरात निम्मी मुले नसतील.

नामवंतांची उदाहरणे द्यायचीच असतील तर १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार असलेले आणि पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंग मुंडा यांचे द्यावे. डांगची सरिता गायकवाडही आधी खो-खो खेळत असे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या ४×४०० मीटर रिले संघात ती होती. मात्र पदके थोड्यांनाच मिळतात. बाकीची मुले गावात राहतील, आणि तिथे आदिवासी भागातील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले आहेत ते वापरायला चारचौघांत उभे राहून हिशेब मागता यावा लागतो. म्हणून शिबिराचा रोजचा खर्च रात्री सर्वांसमोर एका मुलाने वाचावा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत, अशी पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी.

अंदाजपत्रकात थोडी रक्कम मोकळीही ठेवावी. मागच्या वर्षी तीन हजार रुपये उरले होते आणि खेळाचे बूट घ्यावेत, असे मी सुचवले होते. मुलांच्या सभेने ते फेटाळले, फाटलेल्या ढोलाला नवे कातडे चढवून घेतले आणि पावतीसह उरलेले दोनशे चाळीस रुपये माझ्या हातावर ठेवले.