वय वंदना कार्ड, व्हेंटिलेटर आणि ‘परत ती नळी नको’

प्रश्न : मी इंदिरानगर, नाशिक येथे राहणारी निवृत्त शिक्षिका, वय ७२. यजमान ७८ वर्षांचे, त्यांना पार्किन्सन आहे. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे त्यांना काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. बरे होऊन घरी आले, पण तेव्हापासून ‘परत ती नळी नको’ असं सारखं म्हणतात. थोरला मुलगा न्यू जर्सीत आहे. तो सांगतो, तिकडे अशा गोष्टी डॉक्टरांशी बसून ठरवायचे पैसेही सरकारी विमा देतो, तुम्ही वय वंदना कार्डावर करून घ्या. ‘नळी नको’ हे आधीच कागदावर लिहून देता येईल का, असं हॉस्पिटलात विचारलं तर काउंटरवर उत्तर मिळालं, ‘असा कागद आमच्याकडे चालत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा.’ धाकटा आमच्याजवळ राहतो. त्याला भीती वाटते की असं काही लिहून दिलं तर कार्डावरचे उपचारच बंद होतील. काय करावं?

उत्तर : बाई, आधी पैशाचं मिटवू, कारण ते सोपं आहे. वय वंदना कार्डात ही चर्चा बसत नाही. ते कार्ड अॅडमिट होणाऱ्या पेशंटसाठी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात, ओपीडी धरत नाहीत. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टच्या केबिनमध्ये अर्धा तास बसून ‘पुढे काय करायचं’ हे बोललात, तर ती फी तुमच्याच खिशातून जाणार. आणखी एक, ५ लाख तुम्हा दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. हे अनेकांना बिलिंगच्या खिडकीवरच कळतं. शिवाय कार्ड योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच चालतं. तुमचं नेहमीचं हॉस्पिटल त्यात आहे का, हे आजारपण यायच्या आत विचारून ठेवा.

थोरला सांगतो ते खरं आहे, पण तिकडचं. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे आणि १ जानेवारी २०१६ पासून ती या चर्चेचे डॉक्टरांना वेगळे पैसे देते. बिलात पहिल्या अर्ध्या तासाला एक कोड, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला दुसरा. वार्षिक तपासणीच्या वेळीच चर्चा उरकली तर पेशंटला काही भरावं लागत नाही. एरवी डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी स्वतः भरायची रक्कम, आणि वर २० टक्के त्याच्या अंगावर येतात. धाकट्याला हेही सांगा की त्याच्यासारखीच भीती तिकडेही होती. २००९ मध्ये ही तरतूद आरोग्य विधेयकात होती, तेव्हा रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘डेथ पॅनेल’, म्हणजे कुणी जगायचं हे सरकारी मंडळ ठरवणार, असा गवगवा केला आणि ती गळली. सात वर्षांनी ती साध्या नियमातून आली. आपल्याकडे कुणी ओरड केलेली नाही, तरी तरतूदही नाही. हे मला पटत नाही. आयसीयूचं बिल भरायला तयार असलेल्या योजनेला अर्ध्या तासाच्या बोलण्याची फी जड जाऊ नये. पण ते सरकारला सांगायचं झालं, तुमचं काम त्यावाचून अडत नाही.

कारण तुम्हाला हवा तो कागद कुठल्याही कार्डावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, वैध ठरवले. तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्या अटीपायी कुणी वाटेला जात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं.

आता जरा अप्रिय बोलतो. गेल्या पावसाळ्यात हा कागद तुमच्या हातात असता, तरी काकांना व्हेंटिलेटर लागलाच असता. आणि लागायलाच हवा होता, ते बरे होऊन घरी आले ना? हा कागद तीन गोष्टी एकत्र आल्या तरच उघडतो. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला, पेशंट स्वतः निर्णय देण्याच्या स्थितीत नाही, आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तसं ठरवलेलं. पहिलं मंडळ हॉस्पिटलचं असतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात यातलं काहीच लागू होत नाही. त्यामुळे कार्डावरचे उपचार बंद होतील ही धाकट्याची शंका इथेच संपते. काका शुद्धीवर असतील तोवर मात्र कागदाची गरजच नाही. समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. तेव्हा ‘नळी नको’ हे त्यांनी डॉक्टरांना स्वतः सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. त्यांना नळी कधीच नको आहे, की आशा संपल्यावर नको आहे, हे आधी त्यांना नीट विचारा. मसुदा त्या उत्तरावर ठरेल.

मसुदा मराठीत करा आणि मोघम लिहू नका. ‘मला त्रास देऊ नये’ अशा वाक्यावर कुठलंही मंडळ काही करू शकत नाही. निर्देश अस्पष्ट असला तर तो बाजूला ठेवतात आणि निर्देश नसलेल्या पेशंटची पद्धत लागते. आमच्या मसुद्यात वाक्य साधारण असं असतं : ‘मी बरा होण्याची आशा नाही असे दोन्ही वैद्यकीय मंडळांनी ठरवल्यास मला व्हेंटिलेटर, डायलिसिस लावू नये, लावले असल्यास काढावे, हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा चालू करू नये. वेदना व धाप कमी करणारी औषधे आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी.’ नाकातल्या नळीने अन्न द्यायचं की नाही, हे वेगळं लिहा. पार्किन्सनमध्ये गिळणं अवघड होत जातं आणि हा प्रश्न व्हेंटिलेटरच्या आधी दारात येतो. त्याखाली, हा निर्देश मी केव्हाही रद्द करू शकतो आणि याचे परिणाम मला समजले आहेत, ही दोन वाक्यं हवीतच. घर, एफडी, दागिने यांचा एक शब्दही यात नको, त्यासाठी मृत्युपत्र वेगळं.

काकांच्या वतीने संमती कोण देणार, त्याचं नाव कागदात लागतं. एकापेक्षा जास्त चालतात, पण दोन्ही मुलांची नावं बरोबरीने घालू नका. रात्री दोन वाजता एक फोनवर ‘हो’ आणि दुसरा आयसीयूच्या दारात ‘नाही’ म्हणाला, की डॉक्टर हात वर करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पहिलं नाव तुमचं असू द्या, तुम्ही नसाल तर कोण, हे पुढे क्रमाने लिहा. पार्किन्सनमध्ये पुढेमागे स्मरणशक्तीवरून वाद निघू शकतो, म्हणून सहीच्याच दिवशी डॉक्टरांचं ‘यांना हे समजतं आहे’ असं पत्र घेऊन जोडा. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण माझा तरी आग्रह असतो.

सीबीएसजवळ कोर्टाबाहेर नोटरी बसतात. तिथे ‘अॅफिडेव्हिट करायचंय’ म्हणालात तर छापील नमुना पुढे येईल. तो घेऊ नका, आपला मसुदा न्या. स्टॅम्प पेपरची अट न्यायालयाने घातलेली नाही. मसुद्याला वकील हवा असेल, तर नाशिक जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. तुमचा स्वतःचा निर्देश तिथेच करून घ्या. हो, तुमचाही. पत्रात त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

सही झाली की एकेक प्रत कागदात नावं असलेल्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना द्या. एक प्रत महापालिकेला द्यायची असते. असे निर्देश जपून ठेवणारा अधिकारी नेमणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे. राजीव गांधी भवनात आरोग्य विभागाला विचारा आणि ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं, तरी आवक-जावकमध्ये प्रत देऊन पोच घ्या. उद्या हॉस्पिटलला कागद खरा आहे का, याची खात्री याच नोंदीवरून करायची असते.

शेवटी हॉस्पिटलच्या काउंटरवरचं वाक्य. कोर्टाची ऑर्डर लागत नाही. दोन्ही मंडळांचा होकार आणि नाव दिलेल्यांची संमती मिळाल्यावर, उपचार थांबवण्याआधी हॉस्पिटलने न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. काउंटरवर वाद घालू नका, मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावे पत्र द्या, सोबत २०२३ च्या आदेशाची प्रत जोडा आणि लेखी उत्तर मागा. दुसऱ्या मंडळाने नकार दिला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. तिथे खंडपीठ स्वतंत्र डॉक्टरांची समिती नेमू शकतं. हे पत्र आत्ताच द्या. उत्तर नकाराचं आलं, तर दुसरं हॉस्पिटल शोधायला तुमच्याकडे वेळ असेल, आणि शोधताना ते वय वंदनात आहे का तेही बघून घ्या.