दोन लेकी आणि कोकणातला पहिला पावसाळा

अगं, दोन शाळकरी लेकी घेऊन कोकणातला पहिलाच पावसाळा कसा निभावायचा म्हणून घाबरू नकोस, माझ्याकडेपण दोघी, वेणीवरून रोज सकाळी रडारड ठरलेली. सुरवातीला एवढंच बघ:

- युनिफॉर्मचे तीन जोड घे. मी दोनच घेतलेले, रत्नागिरीच्या पावसात कपडे काय सुकतायत, रिक्षावाले काका दारात हॉर्न मारतायत नि मी ओला फ्रॉक इस्त्रीने वाळवतेय, तेवढ्यात लाईट गेली!
- उवांचं औषध एकदा लावून थांबू नको, लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, तेव्हा परत लाव. दोघींची डोकी एकाच दिवशी बघ, तुझंपण.
- मोठीला "तू मोठी ना, दे तिला" अजिबात नाही. आमच्या आजी अजून म्हणतात. फणसाचे गरेसुद्धा मी मोजून देते.

क्लासबिस नंतर बघू.