व्यायाम-आरोग्याच्या संशोधनात आपल्याकडच्या बायका आणि मुली येतच नाहीत. त्यांना कसं आणायचं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकताय, प्रबंधासाठी चाळीस दक्षिण आशियाई बायका हव्या होत्या, तीन महिन्यांत नऊच मिळाल्या, आणि मार्गदर्शक म्हणतात की हा गट 'पोहोचायला अवघड' आहे. मी पुणे जिल्ह्यात सहा वर्षं आरोग्य सर्वेक्षणांचे फॉर्म घरोघरी जाऊन भरलेत. त्या अनुभवावरून सांगते, अवघड बहुतेक वेळा फॉर्म असतो.

माझीच चूक आधी सांगते. जुन्नर तालुक्यात एक बाई नळावर कपडे धूत होत्या. मी विचारलं, "मावशी, व्यायाम करता का?" त्या हसल्या. "कसला व्यायाम बाई, कामातून सवड मिळंना." मी 'नाही'वर खूण केली. वही मिटेपर्यंत त्यांनी भरलेली बादली कमरेवर घेतली आणि अकरा पायऱ्या चढून वर गेल्या. मी खूण तशीच ठेवली. पुढचे दोन महिने अशाच खुणा करत होते.

'व्यायाम' म्हटलं की आपल्याकडे पुरुषाची तालीम नाहीतर शहरातली जिम डोळ्यापुढे येते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, येणंजाणं आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारते, ते चांगलंच आहे. पण तीही पुढे मिनिटं मागते, आणि तिथे गाडी अडते. बायका मिनिटांत सांगत नाहीत. नळाला पाणी होतं तोवर, पोरांची शाळेची गाडी येईपर्यंत, मालिका सुरू व्हायच्या आत, असं सांगतात. नंतर मी 'काल उठल्यापासून काय काय केलंत' एवढंच विचारायला लागले आणि हिशोब मागाहून मी मांडायचे. वेळ दुप्पट लागायचा, माहिती मात्र खरी मिळायची.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ साली ५७ टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी होती, पुरुषांत ४२ टक्क्यांची. आणि २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. दिवसाला पाच तास राबणारी बाई 'निष्क्रिय' कशी, हे कोणीतरी विचारायलाच हवं. अर्थात सगळं घरकाम हृदयाला पुरेल एवढं जोराचं नसतं. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं आणि दमछाक होईल असं चालणं शरीराला सारखं नाही. म्हणून घरकाम मोजलं की प्रश्न मिटला, असंही लिहू नका. दोन्ही नोंदवा, पण वेगवेगळं.

यंत्रांचीही तीच गत. हालचाल मोजायचा पट्टा कमरेला बांधतात. कणीक मळताना कंबर हलत नाही, त्यामुळे यंत्राच्या लेखी बाई बसून आहे. मनगटावर बांधला तर बांगड्या, राख, साबणाचं पाणी. नऊवारी नेसणाऱ्या एका आजींना मी पट्टा दिला, आठवड्याने परत आणायला गेले तर त्यांनी तो देव्हाऱ्यातून काढून दिला. "महागाचं दिसतंय, म्हणलं खराब नको व्हायला." सात दिवस शून्य! आता पुढचं बघा. साधारण नियम असा असतो की दिवसाचे दहा तास, निदान चार दिवस पट्टा अंगावर असला तरच तो माणूस विश्लेषणात धरायचा. आजी गळाल्या. त्यांनी नकार दिला नव्हता, फॉर्मवर अंगठाही दिला होता, तरी निकालात त्या नाहीत. तुमच्या नऊ जणींतल्याही काही अशाच गळतील, तेव्हा कोण का गळलं याची वेगळी वही ठेवा.

तुमच्या तिकडचा जुना दाखला देते. दक्षिण आशियाई लोकांत पोटाभोवतीची चरबी, मधुमेह आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा लंडनचा अभ्यास १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ३१९३ पुरुष होते आणि ५६१ स्त्रिया. माणसं गोळा केली होती कारखान्यांतून आणि डॉक्टरांच्या याद्यांतून. कारखान्याच्या दारात उभं राहिलं तर पुरुषच जास्त भेटणार.

आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ चा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात ते आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी आहेत. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर का ओढतात, ते या एका चित्रात कळतं. (फोटोत दोघेही पुरुष, हे जाता जाता.)

आता जमलेली उदाहरणं. ब्रॅडफर्डमध्ये २००७ पासून गरोदर बायकांना घेऊन मुलांचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या आया पाकिस्तानी वंशाच्या. बऱ्याच जणी मिरपुरी बोलणाऱ्या, आणि ती भाषा सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून नुसता छापील अनुवाद हाती देऊन भागलं नाही, बोलून विचारणाऱ्या बायका लागल्या. स्कॉटलंडमध्ये मधुमेह टाळण्याच्या एका प्रयोगात १५६ कुटुंबांतली १७१ माणसं होती. एका गटाकडे आहारतज्ज्ञ तीन वर्षांत १५ वेळा घरी गेल्या, दुसऱ्याकडे ४ वेळा. वजनातला फरक पडला साधारण १.६ किलोचा, तसा छोटाच. पण मला त्यातली घरी जाण्याची पद्धत आवडते. स्वयंपाक करणारी व्यक्ती खोलीत असेल तरच तेलाबद्दल बोलण्यात अर्थ.

मुलींचं प्रकरण वेगळं. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली पुरेशा हलत नाहीत असं निघालं. गंमत म्हणजे अशा न हलणाऱ्या मुलींचं सगळ्यात कमी प्रमाण बांगलादेश आणि भारतात दिसलं, आणि त्यामागे घरकाम असावं असं म्हटलं गेलं. म्हणजे आकडा बरा दिसतो तो भांडी घासण्यामुळे! मुलींशी बोलायचं तर आई शेजारी नको. आईसमोर "मला खेळायला आवडत नाही" म्हणणारी सातवीतली एक मुलगी नंतर मला शाळेच्या व्हरांड्यात म्हणाली, "पळताना मुलं बघतात, आणि पाळी आली की संडासात पाणी नसतं." प्रश्नावलीत याला रकाना नव्हता. मी समासात लिहून ठेवलं.

'दक्षिण आशियाई' हा शब्द तुमच्या पत्रकावर असेल तर काढा. मला आजवर स्वतःला तसं म्हणवणारी एकही बाई भेटली नाही. गुजराती, सिल्हेटी, पंजाबी, मराठी असं थेट लिहा. भेटीची वेळ अकरा ते एक ठेवा. लेकराला घेऊन आलं तरी चालेल हे ठळक छापा, बसभाडं रोख आणि लगेच द्या. साखर, रक्तदाब जे मोजाल त्याचा कागद त्याच दिवशी तिच्या हातात पडला पाहिजे. माझ्याकडे पुढच्या फेरीला ज्या बायका शेजारणीला घेऊन आल्या, त्या सगळ्या या कागदापायी आल्या.

आणि पत्रक पुन्हा छापायच्या आधी अख्खी प्रश्नावली तुमच्या आईला फोनवर विचारून बघा. माझ्या आईने अकराव्या प्रश्नाला फोन ठेवला, गॅसवर दूध होतं.