स्वतःच्या डिझाइनचं कापड: पाच मीटर बिघडलं, पण करिअर कुठून सुरू होतं?

पत्र: “आम्ही सोलापूरला राहतो. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, टॅबवर छान चित्रं काढते. तिनं स्वतःचं फुलांचं डिझाइन ऑनलाइन पाठवून पाच मीटर सुती कापड छापून घेतलं. कापडावर ठरावीक अंतरानं पांढरी रेघ दिसते, निळा रंग मळकट आला आणि धुतल्यावर कापड आटलं. तरी तिला हेच करायचंय. यात भविष्य आहे का? कोर्स कुठला?” – एक पालक

उत्तर: ते कापड जपून ठेवा. तिन्ही दोष या धंद्यात रोजचे आहेत, आणि ते का आले हे ज्याला सांगता येतं त्यालाच काम मिळतं. चांगलं चित्र काढणारी मुलं पुष्कळ असतात. म्हणून कोर्सच्या आधी कापडाकडे पाहू.

छपाईत एकच चौकोन उभा-आडवा पुन्हापुन्हा येतो, त्याला रिपीट म्हणतात. त्याची डावी कड उजवीशी आणि वरची खालचीशी तंतोतंत जुळावी लागते. मऊ ब्रशनं रंगवलं की कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक राहतात आणि जोडावर पांढरी रेघ उमटते. माप चुकलं तरी तेच होतं. १५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० पिक्सेल धरले तर, २० सेंटिमीटर म्हणजे ११८१.१ पिक्सेल, आणि तो अपूर्णांक कडेवर फिकट होऊन बसतो. त्यापेक्षा इंचात काम करावं: ८ इंच म्हणजे नेमके १२०० पिक्सेल. मग फोटोशॉपच्या ऑफसेट फिल्टरनं चित्र दोन्ही दिशांना ६०० पिक्सेल सरकवायचं. कडा मधोमध येतात, जोड उघडा पडतो, त्यावर फुलं-पानं काढून तो बुजवायचा. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात डब्ल्यूचं बटण दाबलं की काढलेलं चित्र आजूबाजूच्या चौकोनांतही उमटत जातं. शेवटी चार बाय चार चौकोन मांडून सहा फुटांवरून बघायला सांगा. जवळून न दिसलेले रिकामे पट्टे तिथून दिसतात. फुलांच्या सरळ ओळी पडत असतील तर हाफ-ड्रॉप करावा, म्हणजे प्रत्येक पुढची उभी रांग अर्ध्या उंचीनं खाली घ्यावी.

निळ्या रंगाचं मूळ वेगळं. पडदा प्रकाश फेकतो, कापडावर शाई असते. पडद्यावरचे झळझळीत निळे-हिरवे शाईत मिळतच नाहीत. छापणाऱ्याकडून त्याच कापडावर छापलेला रंगांचा तक्ता मागवायचा आणि रंग त्यावरून निवडायचे, पडद्यावरून नाही. शाई कोणती हेही विचारायला हवं. सुती आणि व्हिस्कोसला रिअ‍ॅक्टिव्ह, रेशीम-लोकरीला अ‍ॅसिड, पॉलिस्टरला डिस्पर्स. पिगमेंट जवळपास सगळ्यांवर चालते, पण ती धाग्यात मुरत नाही, वर चिकटून राहते. त्यामुळे गडद भागात कापड थोडं ताठ लागतं आणि घासल्यावर रंग सुटू शकतो. रिअ‍ॅक्टिव्ह छपाईत कापडाला आधी सोडा, युरिया आणि अल्जिनेटसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ लावतात, छापल्यावर साधारण १०२ अंशांवर आठ-दहा मिनिटं वाफवतात, मग थंड पाण्यात, गरम साबणाच्या पाण्यात आणि पुन्हा थंड पाण्यात धुतात. वाफ कमी पडली तर रंग धुण्यात जातो. पहिल्या थंड धुण्यात काटकसर केली तर सुटलेला रंग पांढऱ्या भागावर बसतो आणि सगळंच कापड मळकट दिसतं. तुमच्या कापडातले पांढरे भाग नीट बघा. तेही निळसर झाले असतील तर चूक डिझाइनची नाही, धुण्याची आहे.

आटण्याचा हिशेब सोपा आहे. कोऱ्या कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजायचा. ४८ भरला तर आट ४ टक्के. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) वेगवेगळे आटतात, म्हणून दोन्हीकडून मोजावं, नाहीतर गोल फूल लंबगोल होतं.

आता नोकरी. छपाई कारखाने, निर्यातदार आणि डिझाइन स्टुडिओ यांना नवं डिझाइन काढणारे लागतात. पण त्याच डिझाइनचा रिपीट बसवणारे, स्क्रीन छपाईच्या जाळ्यांसाठी डिझाइनमधला एकेक रंग वेगळा करणारे, एका डिझाइनच्या चार रंगसंगती करणारे आणि नमुने तपासणारेही लागतात. माझ्या मते नवख्यासाठी यातूनच शिरणं सोपं. सोलापूरची चादर आणि टॉवेल तिनं जवळून बघावेत. तिथलं डिझाइन छापलेलं नसून विणलेलं असतं, आणि हा फरक हाताला कळला की प्रवेश परीक्षेतही उपयोग होतो.

कॉमर्सनंतर इंजिनिअरिंगचा रस्ता बंद आहे. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) किंवा इचलकरंजीचं डीकेटीई हे वस्त्रोद्योग-इंजिनिअरिंग कॉलेज इथल्या बी.टेक.ला विज्ञान आणि गणित लागतं. निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) आणि एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) यांच्या चार वर्षांच्या बी.डिझाइनला मात्र कुठल्याही शाखेतून जाता येतं. वस्त्र डिझाइन निफ्टच्या खारघर केंद्रात आहे. निफ्टला लेखी परीक्षेनंतर हातानं वस्तू घडवायची चाचणी असते, तेव्हा नुसत्या टॅबवर भागणार नाही: कागद, तार, कापड यांचा रोज सराव हवा. अर्ज बारावीच्या वर्षातच, परीक्षेच्या बऱ्याच आधी भरावे लागतात. निकालाची वाट पाहू नका.

शिकता शिकता विकायचं असेल तर एक कायदा माहीत हवा. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्यात त्याच्या ५० पेक्षा जास्त नकला निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणीचा अर्ज डिझाइन जाहीर होण्याआधी करायचा असतो. ती आधी इन्स्टाग्रामवर टाकत असेल, तर जे डिझाइन चालेल असं वाटतं तेवढं तरी थांबवायला सांगा.

या महिन्यात तेच फुलांचं डिझाइन दुरुस्त करून एकच मीटर छापून घ्या, तेही शाईचं नाव आणि रंगतक्ता मागवून. जुन्या-नव्या तुकड्यांखाली काय चुकलं, काय बदललं हे तिनं स्वतःच्या अक्षरात लिहावं. मुलाखतीला जाताना पोर्टफोलिओचं पहिलं पान तेच ठेवा.