वरच्या शेजाऱ्यांच्या आवाजाचा वचपा काढायला छताला सबवूफर लावू का?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावरचे लोक रात्री साडेअकरा-बारापर्यंत मोठ्याने टीव्ही लावतात, खुर्च्या ओढतात, तीनदा सांगूनही ऐकत नाहीत. म्हणून आता छताला टेकवून हादरे देणारं यंत्र किंवा घरातला जुना सबवूफर, म्हणजे नुसता बेस वाजवणारा स्पीकर, लावायचा तुमचा विचार आहे, आणि त्याने ते वठणीवर येतील का, असं तुम्ही विचारताय.

नाही येणार. मी हे स्वतः करून बसलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

सांगली-मिरज भागात माझा साउंडचा धंदा आहे. आमच्याकडे लोक या सगळ्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्या नावाच्या कंपनीचा आमच्या पेट्यांशी काही संबंध नसला तरी. सीझनमध्ये पहाटे घरी यायचं आणि इतर दिवशी लवकर झोपायचं, असं माझं चालतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वर तिसऱ्या मजल्यावर टीव्ही रात्री बारापर्यंत. शब्द कळायचे नाहीत, नुसतं घुमणं. उशीत डोकं खुपसलं तरी छातीत जाणवायचं. दोनदा जिना चढून सांगून आलो. 'हो हो, करतो कमी' म्हणायचे आणि चार दिवसांनी परत तेच.

मग एका सकाळी डोकं फिरलं. गोडाऊनमधून १५ इंची बेसची एक पेटी आणली, दोघांनी मिळून माळ्यावर चढवली आणि तोंड वर करून स्लॅबच्या जवळ ठेवली. छोटी मशीन (ॲम्प्लिफायर) जोडली, मोबाईलवरच्या ॲपमधून ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा, सलग सूर सोडला. रात्री जागणारे लोक सकाळी साडेआठला झोपेत असणार, असा हिशोब. रोज अर्धा तास, असे चार दिवस.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या ताई. एका दवाखान्यात नर्स होत्या, त्या आठवड्यात नाईट ड्युटी होती, सकाळी आठ वाजता सुटून घरी येऊन झोपायच्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुम्हाला सकाळी असा घूं आवाज येतो का, की मलाच येतोय?" मांडणीतली ताटं थरथरतात असं वाटून त्यांनी सगळी स्टीलची भांडी काढून टॉवेलवर मांडून ठेवली होती. तरी आवाज जाईना, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जावं का, असा त्यांचा विचार चालला होता. मी म्हणालो, "पंप असेल बहुतेक." दार लावलं आणि माळ्याकडे बघत उभा राहिलो. त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास मी चार दिवसांत हलवला होता, आणि वर तोंडावर खोटंही बोललो. दोन दिवसांनी खाली जाऊन खरं सांगितलं. ते सांगणं सोपं गेलं नाही.

आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते वरचे? नंतर बोलताना कळलं, त्यांनाही ते पाण्याच्या पंपासारखंच काहीतरी वाटलं होतं. फारसा त्रास झालाच नव्हता.

धंद्यातला माणूस असून मला हे आधी कळायला हवं होतं. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. एवढ्या लांब लाटेला दिशा नसते. टॉपचा, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्पीकरचा, आवाज तुम्ही एखाद्यावर रोखू शकता, बेस रोखता येत नाही. तो स्लॅबमधून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये उतरतो आणि बिल्डिंगभर फिरतो. कुठल्या घरात तो उठेल आणि कुठे दबेल, हे त्या खोलीच्या मापावर ठरतं. वरच्यांचा हॉल साधारण १४ फूट लांब. १४ फूट म्हणजे ४० हर्ट्झची बरोबर अर्धी लाट. अशा खोलीत भिंतींपाशी बेस जोरात लागतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. त्यांचा दिवाण मधोमध होता. लग्नाच्या हॉलमध्ये हाच प्रकार आम्ही रोज बघतो: कडेला बसलेली मंडळी कान झाकतात आणि मधले म्हणतात, बेसच नाही.

तुम्ही ज्या यंत्राचं म्हणताय, तशी यंत्रं चीनमध्ये ऑनलाइन विकली गेली. छत आणि फरशी यांच्यामध्ये दांडा अडकवायचा, वर मोटार ठोके देत राहते. लावणाऱ्यांवर तिथे शेजाऱ्यांनी खटले भरले. दक्षिण कोरियात तर गोष्ट आणखी पुढे गेली. शेजाऱ्याला त्रास व्हावा म्हणून रात्री-अपरात्री वारंवार भिंत आणि छत ठोकणाऱ्या एका माणसाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पाठलाग-छळाच्या कायद्याखाली दोषी धरलं. त्याचं म्हणणंही तुमच्यासारखंच होतं, की आधी आवाज त्यांच्याकडून येत होता.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. त्यात 'समोरच्याने सुरुवात केली' अशी सवलत नाही. तुम्ही पेटी लावली की उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते आणि तुम्ही एकाच रांगेत. आज तुमची बाजू खरी आहे, ती हातची घालवू नका.

एका गोष्टीबद्दल मात्र जरा रागाने लिहितोय. तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय, दारात गाठून कानाशी प्रेशर हॉर्न वाजवा, मजा येईल. एकदा साउंड चेकला मी टॉपच्या जाळीला डावा कान लावून डायफ्रॅम (आतला थरथरणारा पडदा) फाटलाय का ते ऐकत होतो. मिक्सरवरच्या पोराने गंमत म्हणून फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर ढकलला. एक सेकंदसुद्धा नसेल. त्या क्षणी दुखलं नाही, नुसतं सगळं बधिर झालं, कापूस कोंबल्यासारखं. संध्याकाळपर्यंत ऐकू यायला लागलं, पण डाव्या कानात एक बारीक शिट्टी राहिली ती आजही आहे. हे लिहितानाही वाजतेय. कानाच्या आतल्या ज्या केसासारख्या पेशी आवाज पकडतात, त्या मेल्या की परत उगवत नाहीत. १०० डेसिबलला रोज १५ मिनिटांच्या वर राहू नये, असं काम करणाऱ्यांसाठी सांगितलं जातं. कानाशी धरलेला हॉर्न त्याच्याही वर जातो. तो पोरगा वाईट नव्हता, त्याला माहीत नव्हतं एवढंच. तुम्हाला आता माहीत आहे.

माझ्याकडे शेवटी प्रश्न सुटला तो असा. रविवारी सकाळी, राग नसताना, वर गेलो. चहा झाला. तेव्हा दिसलं की टीव्ही बघणारे म्हणजे त्यांचे वडील, सत्तरीच्या पुढचे, कमी ऐकू येणारे. टीव्हीला साउंडबार आणि त्याचा सबवूफर थेट फरशीवर, म्हणजे माझ्या डोक्यावर ठेवलेला. वयामुळे कान जातात ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीतले. स, श, त, क अशी व्यंजनं ऐकू येईनाशी होतात, त्यामुळे बोलणं कळत नाही आणि माणूस आवाज वाढवत राहतो. वाढतो मात्र बेससुद्धा, आणि तोच स्लॅबमधून खाली येतो. म्हाताऱ्या माणसाला बेस नको असतो, शब्द हवे असतात.

मी सबवूफर बंदच केला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बेस खाली आणला, ट्रेबल वर घेतला, संवाद स्पष्ट करणारा मोड लावला. आधी ४० वर असलेला आवाज २२ वर आला आणि आजोबा म्हणाले, "आता कळतंय की काय बोलतायत ते." सबवूफर हवाच असेल तर खाली जाड रबर शीट घाला म्हणून सांगितलं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच मीच नेऊन लावले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तुमच्याकडे माणसंच ऐकणारी नसतील तर वहीत तारीख आणि वेळ लिहायला लागा. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या मीटरवर 'ए' वेटिंग (बेस कमी धरून मोजायची पद्धत) असतं, ते ५० हर्ट्झला जवळपास ३० डेसिबल कमी दाखवतं, म्हणून छाती धडधडत असताना आकडा मात्र लहान दिसतो. 'सी' वेटिंग (बेस फारसा न कापता मोजायची पद्धत) मिळालं तर तेही नोंदवा. मोबाईलचा आकडा पुरावा म्हणून फार टिकत नाही, पण पॅटर्न दाखवतो. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोचेची सही घ्या. रात्री १० नंतर आवाज चालूच राहिला तर ११२ ला फोन करा. तक्रारदाराचं नाव उघड होईल या भीतीने बरेच जण गप्प बसतात. धार्मिक स्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना तक्रारदाराची ओळख उघड करू नका, असं बजावलंय. तुमचं प्रकरण वेगळं आहे, पण नाव गुप्त ठेवा असं फोनवर जरूर सांगा.

त्याआधी एकदा दिवसा वर जाऊन या. टीव्ही कोण बघतं, सबवूफर आहे का, असला तर कशावर ठेवलाय, एवढं बघा. टीव्ही आणि साउंडबारचं मॉडेल इथे कळवलंत तर कुठली सेटिंग किती ठेवायची ते मी लिहून देतो.