वळणाची भीती

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. शहरात बाइक बिनधास्त चालवते, पण तुळजापूरच्या घाटात वळण आलं की हात ताठ होतात आणि गाडी बाहेर जाते. काय करू?

उत्तर : ताई, गाडी नजरेमागे जाते. घाबरलं की नजर कठड्यावर खिळते आणि गाडीही तिकडेच सरकते. हनुवटी वळवून वळण जिथे सुटतं तिथे बघा. वेग आधीच, सरळ रस्त्यावर कमी करा, गिअरही तिथेच उतरवा. वळणात थ्रॉटल, म्हणजे रेस, हलका, पण स्थिर. मधेच ब्रेक कचकन दाबला की झुकलेली गाडी सरळ होऊ पाहते, बाहेर जाते, किंवा चाक घसरतं.

आता हात. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल सोडा. डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकला. उलटं वाटेल, पण चालती गाडी त्यानं डावीकडेच झुकते. हे आधी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, पंचवीस-तीसच्या वेगात करून बघा. हाताला ते कळलं की अर्धी भीती जाते, हे मी खात्रीनं सांगते. मागे घाई करणारा असेल तर खुशाल पुढे जाऊ द्या. आणि कोजागिरीला पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा घाटात सराव नकोच.