भुसावळहून प्रश्न: ब्रिटिश शेवाळ-शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर जपानला कधी गेल्याच नाहीत, मग तिथे त्यांना 'समुद्राची आई' का म्हणतात?

नोरीच्या शेतीचं अडलेलं कोडं त्यांच्या शोधामुळे सुटलं, म्हणून. नोरी म्हणजे आपण उडदाचे पापड वाळवतो तसं पातळ पसरून वाळवलेलं समुद्री शेवाळ. उन्हाळ्यात ते जातं कुठे, हेच कळत नव्हतं. एखाद्या वर्षी नोरी वाढवायला समुद्रात लावलेली जाळी रिकामी राहायची. मँचेस्टर विद्यापीठातल्या या बाईंनी १९४९ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवून दिलं, की या शेवाळाचे बीजाणू शिंपल्याच्या कवचात शिरून गुलाबी तंतू होतात. लोक त्या तंतूंना वेगळीच जात समजत होते! आता टाक्यांत शिंपले ठेवून तंतू वाढवतात. पाणी गार झालं की सुटणारे बीजाणू जाळ्यांवर धरतात. मात्र बाईंनी अभ्यासलेली जात ब्रिटनची. जपानी जातींवर हे ताडून पाहिलं जपानी शास्त्रज्ञांनी. उत्तरपत्रिकेत दोन्ही कामं वेगळी लिहा.